पोटरीच्या सोनोग्राफीत लाल डाग दिसला, म्हणजे स्नायू कडक झालाय का?

घाटवाट
नमस्कार मंडळी, जरा लांबलचक लिहितेय, पण मला हे खरंच नीट समजून घ्यायचंय. मी साताऱ्याची, वय ४६, पाच वर्षं झाली पळतेय. बारा दिवसांपूर्वी आमच्या ग्रुपबरोबर यवतेश्वरचा घाट चढून कासच्या रस्त्याला गेलो आणि तोच घाट उतरून परत, २१ किलोमीटर. चढताना जपून गेले, उतरताना मात्र सुटलेच, गार वारा होता, पाय आपोआप पडत होते, खूप छान वाटत होतं. त्या दिवशी काहीच नाही. दुसऱ्या दिवशी मांड्या भरल्या आणि तिसऱ्या दिवशी तर जिना उतरताना कठडा धरून आडवं उतरायची वेळ आली. एवढं नेहमीचंच आहे. पण डावी पोटरी जरा जास्तच, हात लावला तर दगड. आमच्या डॉक्टरांनी सांगितलं की एकाच पायात एवढं आहे तर रक्ताची गुठळी नाही ना ते बघून घेऊ. डॉपलर, म्हणजे रक्तप्रवाह बघायची सोनोग्राफी केली, गुठळी नाही निघाली, जीव भांड्यात पडला.

पण खरी गोष्ट पुढे आहे. तिथे नवीन मशीन आलं होतं, तपासणाऱ्या डॉक्टरांनी एक बटण दाबलं, पोटरीच्या चित्रावर एक रंगीत चौकोन आला, निळा-हिरवा आणि मधोमध लाल डाग. म्हणाले, "बघा किती कडक झालंय, दोन महिने पळणं बंद." रिपोर्टमध्ये मात्र त्याबद्दल एक ओळही नाही. घरी येऊन अक्षरशः रडले. आता दुखत काहीच नाहीये, तरी तो लाल डाग डोळ्यासमोरून जात नाही. व्यायामाने स्नायू कडक होतो की मऊ होतो? सोनोग्राफीत ते खरंच मोजता येतं का? कोणी त्यातलं असेल तर कृपया सांगा.

नवखा_पुणे
ताई काळजी घ्या. मी दर रविवारी सिंहगड करतो, मलाही चढताना दम लागतो पण दुखतं ते उतरल्याचंच, मांड्याच जातात. धाग्यावर लक्ष ठेवून आहे.

सोनोवाली
घाटवाट ताई, मी कराडला रेडिओलॉजिस्ट आहे. पहिल्यांदा एक आठवून सांगा, तुमच्या पोटरीवर प्रोब (सोनोग्राफीचा हातात धरायचा भाग) ठेवल्यावर ते डॉक्टर हात हलकासा वरखाली दाबत होते की एका जागी अगदी स्थिर धरून थांबले होते? आणि पडद्यावर रंगाबरोबर काही आकडा आला का, मीटर प्रति सेकंद किंवा किलोपास्कल असं काही? आणि शेजारच्या रंगाच्या पट्टीवर कडक कुठल्या टोकाला लिहिलं होतं?

घाटवाट
हात दाबत होते, हळूहळू, चार-पाच वेळा. आकडा नव्हता एवढं नक्की आठवतंय कारण मी विचारलं होतं की किती आहे, तर ते म्हणाले रंगावरून कळतं. पट्टी होती पण तिच्याकडे लक्ष नाही गेलं. दुसऱ्या पायावर बघितलं नाही.

सोनोवाली
म्हणजे ती स्ट्रेन इलास्टोग्राफी. आता मोकळा श्वास घ्या, मी सविस्तर लिहिते.

सोनोग्राफीत स्नायूचा कडकपणा बघायच्या दोन पद्धती आहेत आणि लोक दोन्हीला एकच नाव घेतात त्यामुळे घोळ होतो. पहिली ही स्ट्रेन. प्रोबने हलकं दाबायचं आणि कुठला भाग किती दबला ते मशीनने बघायचं, जो जास्त दबला तो मऊ, जो कमी दबला तो कडक. पण किती जोराने दाबलं हे मशीनला माहीत नसतं, त्यामुळे त्या चौकोनात कोण कोणापेक्षा कडक एवढंच ते सांगतं. अख्खी पोटरी लोण्यासारखी असली तरी त्यातल्या त्यात कडक भागाला मशीन त्या टोकाचा रंग देणारच. आणि दुसरी गोष्ट ऐकून तुम्हाला धक्का बसेल, काही कंपन्यांच्या मशीनमध्ये लाल म्हणजे कडक आणि काहींमध्ये लाल म्हणजे मऊ. पट्टी बघितल्याशिवाय लाल म्हणजे काय हे मीसुद्धा सांगू शकत नाही. अशा चित्रावरून, तेही दुसरा पाय न बघता, कुणाचं पळणं दोन महिने बंद करणं मला अजिबात पटलेलं नाही.

दुसरी पद्धत शिअर वेव्ह. ह्यात हात हलवायचा नाही, उलट इतका हलका धरायचा की जेलचा थर दिसत राहिला पाहिजे, नाहीतर आपल्याच दाबाने स्नायू कडक दिसतो. मशीन स्वतःच आत एक धक्का देतं, त्याची लाट स्नायूत पसरते, तिचा वेग मोजला की खरा आकडा मिळतो. व्यायामानंतर कडकपणा बदलतो का ह्यावरचं अलीकडचं बरंचसं संशोधन ह्या पद्धतीने झालंय.

लाटांचा_हिशेब
सोनोवाली यांनी फार छान लिहिलंय. मी बंगळुरात ह्याच क्षेत्रात, सोनोग्राफी मशीनच्या सिग्नलवर काम करतो, लाटेचं थोडं सांगतो.

गच्चीवरची कपडे वाळत घालायची दोरी आठवा. सैल असली आणि एका टोकाला झटका दिला तर उंचवटा आरामात पलीकडे जातो, तीच दोरी खुंटीला ओढून घट्ट बांधली तर झटका सटकन पोचतो. स्नायूतही तसंच, कडक असेल तर लाट जोरात पळते. नेहमीच्या सोनोग्राफीचा आवाज शरीरात साधारण १५४० मीटर प्रति सेकंद वेगाने जातो, ही शिअर लाट मात्र आरामात पडलेल्या स्नायूत २-३ मीटर प्रति सेकंद, म्हणजे माणूस भरभर चालला किंवा हळू पळाला तर. आवाज एवढा वेगवान आहे म्हणूनच तो ह्या लाटेचे सेकंदाला हजारो फोटो काढू शकतो. पॅरिसमध्ये मातियास फिंक, मिकाएल तांतेर ह्या मंडळींनी हे अतिवेगवान चित्रण बसवलं, २००४ च्या सुमारास, आणि त्यातूनच पुढे दवाखान्यात वापरायची मशीन आली.

हिशेब सोपा आहे, वेगाचा वर्ग करा, साधारण तेवढे किलोपास्कल, म्हणजे कडकपणाचा आकडा. २ असेल तर ४, ३ असेल तर ९. वेग दुप्पट झाला तर कडकपणा चौपट. इथे एक मोठा खड्डा आहे, काही मशीन ह्याच आकड्याला ३ ने गुणून दाखवतात, म्हणजे ९ च्या जागी २७ दिसतो. ते तीनपटीचं सूत्र सगळ्या दिशांनी सारख्या असणाऱ्या ऊतीसाठी आहे, यकृताला चालतं. स्नायू तर तंतूंचा बनलेला, लाकडाला जशा रेषा असतात तसा, रेषेच्या दिशेने लाट जोरात जाते आणि आडवी हळू. म्हणून प्रोब तंतूंच्या दिशेनेच लावावा लागतो. एका सेंटरला २७ आणि दुसऱ्याला ९ आला म्हणून कुणी घाबरू नये, आधी एकक आणि सूत्र विचारावं.

तालीमकर
कोल्हापूरकडून रामराम. मला मशीनमधलं कळत नाही पण बैठकांमधलं कळतं. आमचे वस्ताद पोरगं हौदातनं बाहेर आलं की मांडीत अंगठा रुतवून सांगायचे आज अंग भरलंय, उद्या फक्त मालिश, जोर-बैठका बंद. आणि ते चुकत नव्हते. सुट्टीनंतर नवीन पोरगं आलं आणि पहिल्याच दिवशी पाचशे बैठका मारल्या की तिसऱ्या दिवशी त्याला खाली बसता येत नाही, आणि तेच पोरगं महिन्याभराने हजार मारून हसत असतं. तर मग त्याचा स्नायू पहिल्यांदा कडक झाला आणि नंतर व्हायचा बंद झाला, असं म्हणायचं का?

पाय_मोकळे
तालीमकर दादा, प्रश्न एकदम मुद्द्याचा आहे. मी ठाण्यात फिजिओथेरपिस्ट आहे, पेशंट रोज हेच विचारतात.

स्नायू दोन तऱ्हेने काम करतो. आखडत काम, म्हणजे घाट चढणं, बैठकीतून उठणं. आणि लांब होत होत ब्रेक लावण्याचं काम, म्हणजे घाट उतरणं, बैठकीत खाली जाणं. दुसऱ्या प्रकारात तंतू ताणले जात असतानाच जोर धरून असतात, त्यामुळे आतल्या बारीक रचना जागोजागी विस्कटतात. नवख्या भाऊंच्या मांड्या सिंहगड उतरल्यावर जातात त्या ह्यामुळे. लॅक्टिक अॅसिड साठलं वगैरे जे सांगतात ते सोडून द्या, ते तासाभरात निघून जातं, दुखणं मात्र दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कळसाला पोचतं.

आता मोजमाप. फ्रान्समध्ये नांत इथल्या संशोधकांनी दंडाच्या स्नायूला अशी उतरणीची मेहनत देऊन शिअर वेव्हने मोजलं, २०१४ ला छापून आलंय. कडकपणा तासाभरातच वाढलेला होता आणि तो जास्त ठळक दिसला स्नायू ताणलेल्या स्थितीत मोजल्यावर. म्हणजे दुखायला लागायच्या कितीतरी आधी. कारण असं मानतात की विस्कटलेल्या तंतूंत कॅल्शियम झिरपतं आणि मेंदूचा हुकूम नसतानाही काही ठिकाणी स्नायू स्वतःला धरून ठेवतो. सूज येते ती नंतर. तेव्हा दुखणं आणि कडकपणा ह्यांचं वेळापत्रक एक नाही, आणि आपण "पाय कडक झालेत" म्हणतो त्यात दुखणं, सूज, हलवायची भीती असं सगळंच मिसळलेलं असतं.

महिन्याभराने पोरगं हजार बैठका मारतं कारण एकदा असा मार खाल्लेला स्नायू पुढच्या वेळेला त्याच कामात खूप कमी विस्कटतो. दुखतंही कमी, जोरही लवकर परत येतो. हा फायदा पुढे कित्येक आठवडे टिकतो.

एक इशारा सगळ्यांसाठी. अशा मेहनतीनंतर लघवी कोकाकोलासारखी गडद झाली तर घरी बसू नका, थेट हॉस्पिटल. आणि एकाच पोटरीला सूज, गरमपणा असेल तर गुठळी तपासणं बरोबरच, घाटवाट ताईंच्या डॉक्टरांनी योग्य केलं.

सोनोवाली
पाय_मोकळे यांनी लिहिलेलं मी स्वतः बघितलंय. आमच्याकडे शिअर वेव्हचं मशीन आलं तेव्हा पेशंट संपल्यावर एका संध्याकाळी नवऱ्याला टेबलावर पालथं झोपवलं, पावलं कडेच्या बाहेर. आधी दहा मिनिटं नुसतं पडून राहायला सांगितलं, कारण जिना चढून आलेल्या माणसाचं मोजलं तर काही अर्थ नाही. पोटरीच्या आतल्या बाजूचा स्नायू, प्रोब तंतूंच्या दिशेने. पाऊल सैल लोंबकळत असताना २.१ मीटर प्रति सेकंद. तेच पाऊल काटकोनात टेकवून धरलं तर ३.२. आणि ओढणीने बोटं नडगीकडे ओढून धरली तर ५ च्या वर. व्यायाम काही केला नव्हता, नुसता घोटा हलला आणि आकडा दुपटीच्या वर! तेव्हाच कळलं की घोटा कुठल्या कोनात होता हे न लिहिता दिलेला आकडा कचऱ्यात टाकण्याच्या लायकीचा.

मग त्याला पायरीच्या कडेवर उभं करून टाचा हळूहळू खाली सोडायला लावल्या, साठ वेळा. तासाभराने परत मोजलं. सैल पावलात २.२, म्हणजे तसाच. काटकोनात ३.७, म्हणजे हिशेबाने १० किलोपास्कलचे साडेतेराच्या पुढे गेले. तेव्हा त्याला काहीच दुखत नव्हतं, मस्त चहा पीत बसला होता. तिसऱ्या दिवशी बिचारा लंगडत होता तेव्हा मोजलं तर ३.४, उतरायला लागलेला. दहाव्या दिवशी परत ३.२. एकाच माणसाची एक पोटरी आहे ही, दर वेळी पाच रीडिंगची सरासरी काढली होती, पण डोळ्यासमोर बघताना मला फार आश्चर्य वाटलं होतं.

तालीमकर दादा, वस्तादांच्या अंगठ्याला कातडी, चरबी, सूज, स्नायू, आणि पोरगं कळवळलं की नाही, सगळं एकदम कळतं. मशीन त्यातलं फक्त स्नायूचं वेगळं काढतं. दोन्हींचं काम वेगळं आहे.

नवखा_पुणे
भारी. मग व्यायामाआधी आणि नंतर स्ट्रेचिंग केलं तर हा कडकपणा जातो का? आणि हे मशीन जिममध्ये का नाही ठेवत, दर आठवड्याला मोजून घेता आलं असतं. हातात मावणारी सोनोग्राफी मशीनसुद्धा आलीत म्हणे.

पाय_मोकळे
स्ट्रेचिंगचं: काही मिनिटं पोटरी ताणून धरली की शिअर वेव्हचा आकडा खरंच खाली येतो, पण वीसेक मिनिटांत परत जागेवर. रोज, आठवडेच्या आठवडे केलं तर थोडा टिकाऊ फरक दिसलाय. पण वाकून पायाचे अंगठे धरता यायला लागतात त्यात स्नायू मऊ झाल्यापेक्षा ताण सहन करायची सवय होते हा भाग मोठा आहे. आणि दुखणं टळावं म्हणून करत असाल तर त्यावर कॉक्रेन ह्या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या संस्थेचा २०११ चा मोठा आढावा आहे, १०० गुणांच्या वेदनेत सरासरी चारेक गुणांचा फरक. मी पेशंटना सांगतो बरं वाटतं म्हणून जरूर करा, पण स्ट्रेचिंग केलं नाही म्हणून दुखलं असं मनाला लावून घेऊ नका.

सकाळी उठल्यावर अंग आखडलेलं असतं त्याचंही लिहितो. स्नायू बराच वेळ न हलता राहिला की त्याच्या आतल्या तंतूंचे बारीक दुवे जुळून बसतात, आणि चार-पाच वेळा हलवलं की ते सुटतात. म्हणून मोजण्याआधी सगळ्यांना सारख्याच हालचाली करायला लावून मग विश्रांती देतात.

सोनोवाली
जिमचं मी सांगते. आपल्याकडे सोनोग्राफी मशीन म्हटलं की पीसीपीएनडीटी कायदा आला, १९९४ चा. गर्भलिंग निदान थांबवण्यासाठी आहे आणि त्याच्याही आधी, १९८८ ला, असा कायदा करणारं पहिलं राज्य महाराष्ट्रच. मशीन नोंदवलेल्या जागेतच, नोंदणी असलेल्या डॉक्टरनेच वापरायचं. पोटरी बघायची असो की पोट, मशीन तेच असल्यामुळे नियमही तेच. म्हणून परदेशात फिजिओ आणि खेळाच्या प्रयोगशाळा हे सर्रास वापरतात आणि आपल्याकडे जिमवाल्याला ठेवता येत नाही. मला त्याचा त्रास होतो, कागदपत्रं खूप आहेत, पण हा कायदा का करावा लागला ते मी माझ्या कामात जवळून बघितलंय, त्यामुळे तो सैल व्हावा असं मी म्हणणार नाही. शिअर वेव्ह असलेली मशीन महागही आहेत आणि आपल्याकडे ती यकृत, स्तन, थायरॉइडसाठी घेतलेली असतात. स्नायूसाठी कुणी विचारतच नाही.

इटलीत_मी
मी तोरिनोला असतो, आल्प्समध्ये डोंगरात भटकतो म्हणून हा धागा उघडला. इथून जवळच कुरमायरला दर सप्टेंबरला तोर दे जेआँ नावाची शर्यत होते, ३३० किलोमीटर आणि २४,००० मीटर चढ, झोप जवळजवळ नाहीच. एकदा शेवटच्या टप्प्यावर पाणी द्यायला उभा होतो, माणसं काठ्यांवर रेलून एकेक पायरी उतरताना बघवत नव्हतं. ह्या शर्यतीतल्या धावपटूंच्या मांड्या शिअर वेव्हने मोजल्या होत्या, शर्यतीआधी, मधे आणि नंतर, तो पेपर २०१६ चा आहे. मला वाटलं होतं दगड झालेल्या निघतील, पण शर्यतीत कडकपणा उलट कमी झालेला निघाला! मग नांतवाल्यांचा दंड कडक आणि ह्यांच्या मांड्या मऊ, हे कसं?

लाटांचा_हिशेब
ह्यात विरोध नाही असं मला वाटतं. एकीकडे थोड्या वेळात नेमक्या एका स्नायूवर भरपूर उतरणीचा भार, दुसरीकडे दिवसचे दिवस मध्यम हालचाल, तापलेला स्नायू, शरीरातलं पाणी इकडचं तिकडे झालेलं. शिवाय स्नायू कुठल्या लांबीवर मोजला हा मुद्दा आहेच, सोनोवाली यांच्या नवऱ्याचं सैल पाऊल आणि काटकोनातलं पाऊल बघा, एकात फरक नाही आणि एकात चांगलाच. "व्यायामाने कडकपणा वाढतो की कमी होतो" ह्याला एक उत्तर नाही, कुठला व्यायाम, कुठला स्नायू, किती ताणलेला, किती वेळाने, हे चारही सांगितल्यावरच उत्तर देता येतं.

तालीमकर
हे पटलं. मातीत तासभर लढून आल्यावर लगेच अंग सैल लागतं आणि नुसत्या बैठकांनी भरतं, हे आम्हाला हातानं माहीत आहे, कारण आज वाचलं.

घाटवाट
सगळ्यांचे मनापासून आभार, हा धागा मी घरी सगळ्यांना वाचून दाखवला. सोनोवाली ताई, मी कराडला आले तर दोन्ही पाय बघाल का? पैसे अर्थातच रीतसर देईन.

सोनोवाली
या ना. तुमच्या डॉक्टरांची चिठ्ठी आणा. बुधवारी संध्याकाळी सातनंतर मशीन मोकळं असतं. त्या दिवशी आणि आदल्या दिवशी पळू नका, पोटरी उघडी राहील असे कपडे घाला, आणि इथे आल्यावर दहा मिनिटं पडून राहायची तयारी ठेवा.

घाटवाट
अपडेट द्यायला आले, तीन आठवडे झाले मधे. कराडला जाऊन आले. ताईंनी आधी मुद्दाम तसंच दाबून रंगाचं चित्र काढलं, आणि डाव्या पोटरीत तोच लाल पट्टा, त्याच जागी! माझे हातपाय गार पडले. त्या काही बोलल्या नाहीत, फक्त प्रोब उजव्या पायावर ठेवला. तिथेही तसाच लाल पट्टा, त्याच खोलीवर. मग त्यांनी रंग बंद करून काळंपांढरं चित्र दाखवलं, दोन स्नायूंच्या मधे चकचकीत पांढरी रेघ होती, त्यांना वेगळं करणारा पडदा. तो कडकच असतो, सगळ्यांचाच असतो. नंतर शिअर वेव्हने मोजलं, घोटा काटकोनात, डावीकडे २.९ आणि उजवीकडे ३.०, एवढा फरक मोजणीतच येतो म्हणाल्या.

मग आधी सपाटीवर पळाले, मग उतार थोडा थोडा वाढवला. गेल्या रविवारी परत यवतेश्वरचा घाट उतरले, ह्यावेळी छोटी पावलं टाकत. आज तिसरा दिवस आहे. मांड्या जराशा जड आहेत, पण सकाळी दुधाची पिशवी घ्यायला जिना सरळ उतरले, कठडा न धरता.